दोन ओळींच्या मधली गिटार

माझ्या भाचीने बँड काढला तेव्हा आमच्याकडे कोणी तो फारसा मनावर घेतला नाही. ती आयटीत आहे, वारज्याला राहते, आणि या वयाच्या मुलांना काहीतरी लागतंच. कोणी दर रविवारी सिंहगड चढतं, कोणी घरात पाव भाजतं. हिने गाणी लिहायला घेतली. मराठी गाणी, पण गिटारवर आणि ड्रम्ससकट. अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांना रॉकची फोडणी दिली की जे होतं, त्या वळणाची. त्याला कंट्री रॉक म्हणतात, हेही तिनेच सांगितलं. त्यात असतं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, रस्ता असतो, ट्रक असतो, मागे सुटलेलं घर असतं, आणि कोणाची तरी आठवण येत असते."

"म्हणजे भावगीतच," आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "फक्त ट्रक जादाचा."

खरं तर ती त्या दिवशी यांच्याकडेच आली होती. आमच्या माळ्यावर एक हवाईयन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने तारांवरून पोलादी दांडी फिरवायची. आमच्या तरुणपणी या गिटारीची पुण्यात मोठी हवा होती. गणपतीच्या कार्यक्रमात, लग्नाच्या स्वागत समारंभात, गाणारं कोणी नसलं तरी गिटार सबंध गाणं म्हणायची. वाजवणाऱ्याला सगळ्यात मोठी दाद एकच मिळे: "अहो, शब्द ऐकू आले!" ती दाद यांना पुष्कळदा मिळाली. नंतर टेलिफोन खात्यातली नोकरी, बदल्या, संसार. बरोबर वाजवणारे मित्र एकेक करून गेले आणि गिटार माळ्यावर गेली.

भाचीने मोबाइलवर परदेशी गाणी लावून दाखवली. गाण्यामागे एक गिटार हुंदके द्यावेत तशी वाजत होती. हे ताडकन उठून बसले. "अगं, ही तर आपली हवाईयन!"

"तिचीच चुलतबहीण, काका. तुम्ही वाजवाल आमच्या अल्बममध्ये? पुण्यात मला हे वाजवणारं दुसरं कोणी सापडलेलं नाही."

यांनी ते गाणं पुन्हा एकदा नीट ऐकलं. "हा माणूस वाजवतो कमी आणि थांबतो जास्त," ते म्हणाले. "तासावर पैसे घेत असावा. मी असं करणार नाही, मी पूर्ण वाजवेन." आम्ही तिघंही हसलो.

मग आमच्या कर्वेनगरच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. भाची गायची. तिच्या ऑफिसातले दोघं गिटार आणि बास वाजवायचे. ड्रम वाजवणारा खडकवासल्याच्या पलीकडचा होता. त्याची रोपांची नर्सरी होती, आणि येताना तो मला नेहमी एखादं रोप आणायचा. सोसायटीच्या भीतीने तो आमच्याकडे नुसता खोका बडवायचा. तरी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलंच, "फर्निचर करून घेताय वाटतं?"

हे सगळ्या गाण्यांवर वाजवायचे. नुसते वाजवायचे नाहीत, गायचे. भाचीने ओळ उचलली की गिटारही तीच ओळ उचलायची, शब्दाला शब्द, मात्रेला मात्रा. तिच्या आवाजात जिथे मुरका तिथे दांडीचाही मुरका. त्यांच्या लेखी याहून चांगली साथ नव्हती. मुलांच्या तोंडावर काय दिसत होतं ते मला चहा देताना दिसायचं, पण बोलत कोणी नव्हतं. "काका, भारी," भाची म्हणायची. ड्रमवाला म्हणायचा, "एक नंबर हाय काका, नादच नाय." हे खूश. सकाळच्या फिरायच्या मंडळींना अल्बमची इत्थंभूत हकीकत जाऊ लागली. कोणत्या गाण्यात आपण कुठून सुरू करतो, हे बागेतल्या त्यांच्या बाकावरच्या प्रत्येकाला पाठ झालं होतं. त्यांच्यातले एक दिवसभर कानाचं यंत्र काढून ठेवतात, त्यांनासुद्धा.

रेकॉर्डिंग वारज्यात एका इमारतीच्या तळघरात झालं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गिटार स्वतः उचलली, कोणाला हात लावू दिला नाही. घरी आले ते जेवले नाहीत, नुसते बोलत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाजवणं कुठेतरी टिकून राहणार होतं. गणपतीतलं वाजवणं मांडव उतरला की संपतं. हे मात्र राहणार होतं, आणि त्यांना ते किती हवं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात हे भाजीला गेलेले असताना भाची आली. दारातच उभी राहिली. तिने मला मोबाइल कानाला लावून एकच गाणं दोनदा ऐकवलं. पहिल्यांदा यांच्या गिटारीसकट, दुसऱ्यांदा गिटार काढून. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण एवढं कळायला फार कळावं लागत नाही. पहिल्या वेळी तिचा एकही शब्द धड ऐकू येत नव्हता.

"काका गाण्याच्या वर वाजवतात, मावशी. मधे वाजवायचं असतं. ओळ संपली की. रेकॉर्डिंग करणारा म्हणतो, काढून टाका."

"मग सांग त्यांना."

"तूच सांग ना."

माझं डोकं फिरलं. "मी का? इतके दिवस भारी भारी म्हणताना तुमची जीभ चालत होती ना? आणि आता मावशी आठवली?" ती रडवेली झाली. म्हणाली, तेवढा मोठा माणूस, कसं सांगणार? मी तिला चहा दिला नाही. नंतर त्याचं वाईट वाटलं, पण दिला नाही हे खरं.

सांगायचं कसं हा पुढचा प्रश्न. कारण यांना काही सांगायचं म्हणजे वाक्य तुमच्या हातात राहायला हवं, आणि ते कधीच राहत नाही. तुम्ही अर्ध्यावर आलात की पुढचं अर्धं ते करून टाकतात. "काल मी डेक्कनला..." एवढं म्हणावं की हे म्हणणार, "गेलीस आणि रिक्षा मिळाली नाही." बहुतेक वेळा ते बरोबर असतं, हीच अडचण. चुकलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. संसारभर माझी निम्मी वाक्यं त्यांनीच बोललेली आहेत.

तरी मी जेवताना सुरुवात केली. "अहो, तुमची गिटार त्या गाण्यात जरा..."

"मोठी हवी! मीही तेच म्हणणार होतो. आवाज दाबलाय त्यांनी."

संध्याकाळी पुन्हा. "भाची आली होती. ती म्हणत होती की गिटार..."

"अजून पुढे घेऊ म्हणत असेल. सांग, माझी ना नाही."

दुसऱ्या दिवशी मी बोलण्याचा नाद सोडला, भाचीकडून त्या गाण्याची दोन्ही रूपं मोबाइलवर मागवली आणि यांच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेले. बाहेर आधी एक वाजलं, मग दुसरं. मग पहिलं पुन्हा. मी बाहेर आले तर हे खिडकीतून खाली बघत होते.

"मी तिचे शब्द खातोय गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते दोन दिवस फिरायला गेले नाहीत. बाकावरच्या मंडळींना काय सांगायचं, हा प्रश्न असणार. एवढ्या उत्साहाने माळ्यावरून काढलेली ती गिटार पुन्हा खोळीत गेलेली बघवत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच भाचीला फोन लावला. "मला एक गाणं दे," म्हणाले. "एकच. नाही जमलं तर काढून टाक, मला विचारायलाही येऊ नकोस. आणि भारी म्हणू नकोस."

तिने धरणाचं गाणं दिलं. ते ड्रमवाल्याच्या आजोबांच्या आठवणीवरून तिने लिहिलं होतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की त्यांच्या बुडालेल्या गावाचा रस्ता वर येतो आणि म्हातारा तो नातवाला दाखवतो. त्यात दोन ओळी होत्या:

पाणी उतरलं की रस्ता दिसतो,
रस्त्याच्या टोकाला दार नाही.

"इथे वाजवा काका," तिने सांगितलं. "दार नाही, याच्यानंतर. आधी नाही."

यांनी सराव करायला घेतला आणि जमेना. हात आपोआप ओळीच्या आधीच निघायचा. जन्मभराची सवय. मोबाइलवरच्या गाण्याबरोबर बसून उपयोग नव्हता, कारण ते गाणं पाठ झालं होतं आणि पाठ झालेल्या गोष्टीपुढे यांना थांबता येत नाही. मग त्यांनीच युक्ती काढली. मी पेपर वाचायचा. मी बोलत असताना दांडी वर. मी थांबले की ती खाली.

दुपारी चहानंतर आम्ही बसायचो. मी वाचायची: "शहरात गुरुवारी पाणीपुरवठा..." आणि टुंई! गिटार वाजलीच.

"अहो, मी थांबले कुठे?"

"बंद राहणार. त्यात काय ऐकायचंय?"

अग्रलेख घेतला, तेच. निधनवार्ता घेतल्या, तेच. तिथे तर ते 'असा परिवार आहे'च्या कितीतरी आधी पोचायचे. पुण्यातल्या पेपरात पुढे काय येणार हे या माणसाला वाचायच्या आधीच ठाऊक. शेवटी मला चीड आली. मी वाचलं, "महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत काल विरोधकांनी आयुक्तांना... कच्च्या केळ्याची भाजी खाऊ घातली." गिटार वाजली नाही. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"असं लिहिलंय?"

"नाही. पण तुम्ही थांबलात."

त्या दिवसापासून मी पेपर तसाच वाचू लागले. निम्मी बातमी खरी, शेपूट माझं. मंत्री महोदय उद्घाटनाला येऊन जिन्यात अडकले, हवामान खात्याने सर्वांना लवकर झोपायला सांगितलं. हे पुढचं ओळखू शकेनात. दांडी तारांच्या वर धरून ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, मुलं गोष्ट ऐकताना बघतात तसे. वाक्य संपलं की एकच सूर, छोटा, आणि पुन्हा हात वर. कधी हसू आलेलं असलं तर तो सूर हसल्यासारखा यायचा. मला ही दुपार आवडायला लागली, हे मी इथे सांगून टाकते.

पेपर संपले की मी दुसरं काहीतरी बोलायची. मी शाळेत भूगोल शिकवायची, तेव्हाच्या गोष्टी. एकदा तपासणीला साहेब आलेले असताना मी फळ्यावर नकाशा काढता काढता नेमकी भारताची पश्चिम किनारपट्टीच विसरले होते आणि वर्गातल्या एका मुलीने पुढे होऊन, "बाईंनी ती आमच्यासाठी ठेवलीय," असं म्हणत ती काढली होती. हे ऐकून गिटार बाजूला ठेवून हसले.

"हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "अर्धं."

दुसऱ्या रेकॉर्डिंगला मीही गेले. काचेच्या अलीकडे मला बसवलं होतं. रेकॉर्डिंग करणारा तरुण शब्द फार जपून खर्च करणारा होता. माझ्याशी तो एवढंच बोलला की खुर्ची हलवू नका. भाची गाऊ लागली. हे मांडीवर गिटार घेऊन बसले होते आणि त्यांचा डावा हात तारांच्या वर थांबलेला होता. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. "रस्त्याच्या टोकाला दार नाही," ती म्हणाली, आणि पूर्ण थांबली, आणि मग तो सूर आला. वरून सुरू झाला, हळूच उतरला आणि खालच्या सुरापर्यंत पोचायच्या आधीच विरला. मला काही कळायच्या आत माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी त्यांची सबंध गाणी ऐकली होती, एवढा छोटा सूर कधी ऐकला नव्हता.

गाणं संपल्यावर यांनी काचेकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल बघायला गेलेल्या माणसाची भीती होती. तरुणाने बटण दाबलं आणि माइकमधून म्हणाला, "ठेवू या हे." भारी म्हणाला नाही. यांनी रुमाल काढून आधी गिटार पुसली, मग कपाळ.

अल्बम आला तेव्हा हातात काही आलं नाही. मला वाटलं होतं, निदान तबकडी येईल, तिच्यावर फोटो असेल. भाचीने लिंक पाठवली. "एवढ्यासाठी इस्त्री केली होती मी," हे म्हणाले. आधी गाजलं ते ट्रकचं गाणं. त्यात यांची गिटार नाही. वारज्याच्या पुलाखाली उभं राहून मुलं त्यावर नाचायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायची. आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्याच्या फोनची रिंगही तीच. हे ऐकायचे आणि म्हणायचे, "छान आहे. आवाज फार." एवढंच. बाकावरच्या मंडळींना त्यांनी सांगून टाकलं होतं की मी फक्त एका गाण्यात आहे आणि त्यातही मधे मधे.

धरणाचं गाणं सावकाश चढलं. उन्हाळ्याच्या सुमाराला कधीतरी ते लोकांच्या कानात बसलं आणि मग थांबेना. भाचीला कुठून कुठून निरोप यायला लागले. गाण्याखाली लोक लिहायचे, आजोळ आठवलं, गाव आठवलं, ती मधली गिटार कोणाची? मी ते सगळं यांना वाचून दाखवायची. हे शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. कानाच्या यंत्रवाल्यांनी म्हणे एका सकाळी यंत्र लावून ते गाणं दोनदा ऐकलं.

मे महिन्यात आम्ही दोघं रिक्षाने खडकवासल्याला गेलो. पाणी खूप खाली गेलेलं होतं. काठाला चिखल सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. संध्याकाळची गर्दी, कणसं भाजण्याचा वास, पोरांचा आरडाओरडा. आम्ही जरा बाजूला कठड्यावर बसलो. तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली आणि तिच्या उघड्या काचेतून तेच गाणं ऐकू आलं. आत एक कुटुंब होतं, भेळ खात होतं. त्यांना काय ठाऊक, गिटारवाला इथे बसलाय म्हणून. रस्त्याच्या टोकाला दार नाही, आणि तो सूर. हे मान खाली घालून ऐकत होते.

मला आई आठवली. ती शेवटी आजारी होती तेव्हा गावी माझ्या भावाकडे होती. मागच्या अंधाऱ्या खोलीत तिची कॉट होती. भाऊ वाईट नव्हता, पण त्याचा व्याप मोठा होता. मी तिला बघून आले, रात्रभर विचार केला, आणि सकाळी यांच्यासमोर उभी राहिले. "अहो, आईला मी आपल्याकडे..." एवढंच म्हटलं होतं. "बोलव की दिवाळीला!" हे म्हणाले, अगदी आनंदाने, आणि डबा घेऊन ऑफिसला गेले. मला वाटलं, हा त्यांचा नकार आहे. गोड बोलून दिलेला. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही. दिवाळीच्या आधीच आई गेली.

गाडी निघून गेली. मी म्हणाले, "अहो, आईला मी आपल्याकडे..."

आणि सवयीने थांबले. हे काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे वाक्य आता मलाच पूर्ण करावं लागणार.

"कायमचं आणणार होते," मी म्हणाले. "तेव्हा. दिवाळीपुरतं नव्हे. तिला शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवणार होते."

हे पाण्याकडे बघू लागले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. समोरचे फुगेवाले, घोडेवाले उठून जायला लागले. मला वाटलं, आता म्हणतील, मग तेव्हा बोलली का नाहीस. म्हणाले असते तर मीही ऐकवणार होते. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं माझ्याकडे.

"पुढच्या खोलीत," ते म्हणाले, आणि त्यांना पुढे बोलता येईना. मी थांबले. "पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, त्यांची कॉट मावली असती गं. सकाळचं ऊन असतं तिथे."

"मावली असती," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.